परदेशात वाढलेली नातवंडं मोठेपणी एका जागी टिकतात का? वरचा मजला बांधायचा की नाही?

त्रिमूर्तीनगर_आजोबा

नमस्कार मंडळी. मुलगा-सून बरीच वर्षं बाहेर आहेत. आधी मस्कत, मग सिंगापूर, आता न्यू जर्सी. नात १३ वर्षांची, जन्म मस्कतचा, आठवीत आहे. नातू ९ वर्षांचा, जन्म सिंगापूरचा. दोघांचे पासपोर्ट भारतीय, तिथे एच-४ वर (नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहेत.

प्रश्न तीन. अशी मुलं मोठी झाल्यावर फिरतीच राहतात की कुठेतरी बूड टेकवतात? त्यांना नागपुरात आणायचं झालं तर कधी आणावं? आणि त्यांच्यासाठी वरचा मजला आत्ताच बांधून ठेवावा का? घर एकमजली आहे, विटांच्या भिंतींवर स्लॅब, कॉलम नाहीत. नातेवाईक म्हणतात "पोरं परत येत नसतात", सून म्हणते "ती कुठेच टिकणार नाहीत". माहीतगारांनी खरं काय ते सांगावं.

समुपदेशक_लक्ष्मीनगर

काका, या मुलांचा अभ्यास सुरू झाला तोच आपल्या देशात. रूथ हिल यूसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्यांच्या मुलांना त्यांनी 'थर्ड कल्चर किड्स' म्हटलं. आईवडिलांच्या देशाची एक रीत, राहत्या देशाची दुसरी, आणि अशा फिरत्या कुटुंबांची आपसांतली तिसरी. या मुलांना सगळ्यांत मोकळं वाटतं ते तिसऱ्या गटातल्या लोकांत. मस्कतमध्ये वाढलेल्या मराठी मुलीची दोह्यात वाढलेल्या मल्याळी मुलीशी चार दिवसांत गट्टी जमते, आणि धरमपेठेतल्या सख्ख्या मामेबहिणीशी बोलताना ती अडखळते. यात कोणाचा दोष नाही.

मोठेपणी साधारण तीन तऱ्हा दिसतात. काहींना ठरावीक काळाने अस्वस्थ वाटायला लागतं, आणि हा काळ बहुतेक वेळा लहानपणीच्या बदल्यांच्या अंतराशी जुळतो. दर तीन वर्षांनी घर हललं असेल तर तिसऱ्या वर्षी नोकरी नकोशी, शहर नकोसं. काही अगदी उलट वागतात. एक गाव धरतात आणि "माझ्या मुलांची शाळा मी बदलणार नाही" म्हणून चांगली बढतीसुद्धा नाकारतात. तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत निकोप वाटते: घर एका जागी पक्कं, आणि फिरण्याची भूक कामातून भागवायची. आपली नात कोणत्या तऱ्हेत जाईल हे आज कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

नुसत्या फिरण्याने माणूस बिघडत नाही. २०१० मध्ये शिगेहिरो ओइशी आणि उलरिख शिमॅक यांनी अमेरिकेतल्या ७,१०८ प्रौढांच्या माहितीवर एक अभ्यास केला. लहानपणी जास्त घरं बदललेल्यांचं मोठेपणीचं समाधान कमी दिसलं, पण ते अंतर्मुख स्वभावाच्या लोकांत. बहिर्मुखांमध्ये तसा संबंध आढळला नाही. कारण मैत्रीत होतं: अंतर्मुख मुलाला जवळचा मित्र जोडायला वेळ लागतो, आणि तो जोडला जाईपर्यंत सामान बांधायची वेळ येते. हा अभ्यास अमेरिकेतल्या अमेरिकेत घर बदलण्याचा आहे, परदेशाचा नाही, तरी मुद्दा इथेही लागू पडतो. म्हणून "ती टिकेल का" याच्या आधी मुलाला विचारा, नात कशी आहे? नव्या वर्गात पहिल्या आठवड्यात डबा कोणाबरोबर खाते, सहाव्या महिन्यात कोणाबरोबर खाते? दोन्ही वेळा एकटीच असेल तर पुढची बदली तिला जड जाणार आहे.

आता हाताशी काय आहे ते. जागा सोडताना निरोप नीट झाला नाही तर ती जागा मुलाच्या मनात अर्धवट राहते, आणि मोठेपणी तीच हुरहुर गावोगाव शोधत फिरायला लावते. निघण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून चार कामं करून घ्यावीत. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्याशी बोलून मिटवणं. शिक्षक, बसचालक, शेजारच्या आजी यांचे आभार मानणं. माणसांचाच नाही तर जागांचाही निरोप घेणं, म्हणजे शाळेचं मैदान, नेहमीचं दुकान, खोलीची खिडकी. आणि नव्या जागेची खरी माहिती देणं, चांगली आणि वाईट दोन्ही. "नागपुरात मज्जाच मज्जा" असं सांगून आणलं आणि पहिलाच मे महिना ४५ अंशांचा निघाला, की मुलाचा तुमच्या पुढच्या चार गोष्टींवरचा विश्वास जातो.

हमखास चुकतं ते इथे: मुलाला न विचारता खेळणी वाटून टाकणं, तिमाहीच्या मधोमध उचलून आणणं, आणि "तिकडे गेल्यावर विसरशील सगळं" म्हणणं. खेळण्यांसाठी एक खोका मुलाच्या ताब्यात द्या. त्यात काय भरायचं ते तो ठरवेल, मोठ्यांनी झाकण उघडायचं नाही.

आजी-आजोबांचा वाटा सगळ्यांत मोठा आहे, आणि त्याला मजला लागत नाही. दरवर्षी तीच खोली, तोच पलंग, तेच शेजारी आणि किमान पाच-सहा आठवडे. मे टाळा. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात, म्हणजे जुलै-ऑगस्ट तुमचा. ज्या वर्षी पोळा ऑगस्टअखेर येतो त्या वर्षी नातवाला तान्ह्या पोळ्यासाठी थांबवून घ्या. लाकडी बैल सजवून गल्लीतल्या पोरांबरोबर रांगेत उभं राहिलेलं मूल त्या गल्लीला आपली म्हणायला लागतं.

सदर_कागदपत्रे

समुपदेशक ताईंशी सहमत आहे. पण अर्ध्या मुलांचं "फिरणं" मनातून येतच नाही, ते पासपोर्टमधून येतं. टिकायची इच्छा असून राहता येत नाही.

आखातातच पाहा. ओमान, कुवेत, सौदीत जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. मूल तिथे वडिलांच्या निवास परवान्यावर असतं. शिक्षण संपलं, वय झालं की स्वतःची नोकरी आणि स्वतःचा परवाना, नाहीतर देश सोडायचा. अमिरातीने २०२२ मध्ये मुलग्यांसाठी ही मर्यादा १८ वरून २५ केली, अविवाहित मुलींना वयाची अट नाही. पण वडील निवृत्त झाले की सगळ्यांचाच प्रश्न उभा राहतो. म्हणजे आखातातलं मूल फिरणार हे तिथला कायदाच ठरवतो.

तुमच्या नातवंडांचा पेच वेगळा आहे. एच-४ हा २१ व्या वाढदिवसाला संपतो. नातीकडे आठ वर्षं आहेत. मुलाचं ग्रीन कार्ड त्याआधी हातात आलं तर ती त्यात येते, नाहीतर तिला एफ-१ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, मग पदवीनंतर १२ महिने कामाची परवानगी (विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी २४ महिने), आणि शेवटी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, जिच्यात वर्षाला ८५,००० जागा असतात. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे, आणि रांग अर्जदाराच्या जन्मदेशावरून ठरते. मुलाला आजच तीन गोष्टी विचारा: आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झाला का, त्याची प्राधान्य तारीख (रांगेतला नंबर ठरवणारी) काय, आणि तो अर्ज किती दिवस प्रलंबित होता. ते प्रलंबित दिवस मुलीच्या वयातून वजा होतात. काही मुलं त्या थोडक्या दिवसांवर तरतात.

यात एक बारकावा. सूनबाईंचा जन्म भारताबाहेरचा असेल तर जोडीदाराच्या जन्मदेशाच्या रांगेत बसता येतं. वकिलाला हे विचारायचं राहून जातं.

दोन्ही मुलांची जन्मनोंदणी भारतीय दूतावासात झाल्याचं प्रमाणपत्र घरात आहे ना, तेही पाहा. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व हवं असेल तर एका वर्षाच्या आत तिथे नोंद लागते, उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी. पासपोर्ट आहे म्हणजे नोंद झालेली असणार, पण मूळ कागद नागपूरच्या घरात एका फायलीत असावा.

प्रतापनगर_मावशी

इथेच विचारते. भाचीचा मुलगा अमेरिकेत जन्मलेला, सहाव्या वर्षी नागपूरला आणला, आता इथेच शिकून राहिला. अमेरिकी पासपोर्ट आहे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. तो तर दोन्हीकडे राहू शकतो ना? मग चिंता कशाची?

सदर_कागदपत्रे

मावशी, त्याला दोन्हीकडे राहता येतं, पण त्याच्या पुढच्या पिढीचं तसं नाही. अमेरिकी नागरिकाने परदेशी जोडीदाराशी लग्न केलं आणि मूल अमेरिकेबाहेर झालं, तर मुलाला जन्मतः नागरिकत्व मिळण्यासाठी त्या पालकाने मुलाच्या जन्माआधी एकूण ५ वर्षं अमेरिकेत प्रत्यक्ष काढलेली असावी लागतात, त्यातली किमान २ वर्षं वयाच्या १४ नंतरची. सहाव्या वर्षी आलेल्या मुलाकडे पहिली पाच आहेत, नंतरची दोन नाहीत. तिकडे पदवी केली तर ती आपोआप भरतात. राहिल्याचे पुरावे मात्र जपावे लागतात: शाळा-कॉलेजच्या गुणपत्रिका, भाडेकरार, करविवरणं.

ओसीआय आयुष्यभराचं आहे, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट नवा झाला की दरवेळी नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो संकेतस्थळावर चढवायचा, आणि विशीनंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टवर कार्ड एकदा बदलून घ्यायचं. शिक्षणात मोठा फरक पडतो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर फक्त भारतीय नागरिकांसाठीच्या जागा ओसीआय मुलांना मिळत नाहीत, एनआरआय किंवा अधिसंख्य (नेहमीच्या संख्येवरच्या जादा) जागा मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं की ज्यांचं कार्ड त्या तारखेच्या आधीचं आहे त्यांना हे लागू नाही. भाचीला म्हणावं, पहिल्या कार्डावरची तारीख आजच पाहून घे. आणि जुनं कार्ड जमा करायच्या आधी त्याची दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेव.

प्रवेश_धरमपेठ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. काका, नातीला आणायचंच असेल तर नववीच्या सुरुवातीला आणा, नाहीतर बारावी तिकडेच होऊ द्या. मधली वाट सगळ्यांत वाईट.

का ते सांगते. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइल लागतं आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून झालेली लागते. बोर्ड सीबीएसई चालतं, शाळा राज्यातली हवी. "अकरावीला आणू, तोवर इंग्रजी पक्कं होईल" असं ठरवणाऱ्यांची दहावी बाहेरची राहते, आणि हे नीटचा निकाल लागल्यावर कळतं. मग उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं आणि एनआरआय जागा. डोमिसाइलला १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतात. मुलीचा जन्म बाहेरचा असल्याने वडिलांची शाळा-कॉलेजची नागपूरची कागदपत्रं, घरटॅक्सच्या पावत्या आत्ताच जमवा आणि सेतू केंद्रात दाखवून घ्या.

इंजिनीअरिंगचा रस्ता वेगळा. अकरावी-बारावी परदेशात झाली तर डासा योजनेतून (परदेशात शिकलेल्यांच्या थेट प्रवेशाची योजना) एनआयटीत जाता येतं, आपली व्हीएनआयटीही त्यात आहे. जेईई मेन द्यावीच लागते, फी मात्र नेहमीच्या विद्यार्थ्याहून कितीतरी जास्त. आखातातल्या कामगारांच्या मुलांसाठी त्यात वेगळ्या, कमी फीच्या जागा असतात. मुलगा मस्कतलाच असता तर त्या उपयोगी पडल्या असत्या, अमेरिकेतून नाही.

वेळापत्रक नीट पाहा. सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, न्यू जर्सीची आठवी जूनमध्ये संपते. अडीच महिन्यांचा अभ्यास बुडतो. राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर, जूनअखेरीस उघडतात, तिथे हा प्रश्न येत नाही. सीबीएसईच हवं असेल तर जानेवारीत शाळेशी बोलून जागा पक्की करा आणि एप्रिल-मेची पुस्तकं तिकडे मागवून घ्या. थेट दहावीत प्रवेशाच्या भरवशावर राहू नका, बोर्डाची नोंदणी नववीतच होते.

कागद: तिकडच्या शाळा आपल्यासारखा टीसी देत नाहीत. शाळेच्या लेटरहेडवर शाळा सोडल्याचं पत्र आणि मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका घ्या, शिक्कामोर्तब करून, आणि त्यांवर अपोस्टील (दुसऱ्या देशात कागद चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण) तिथूनच करून आणा. इथे आल्यावर ते करायचं म्हणजे कागद परत समुद्रापार पाठवायचे.

गणितात ही मुलं मागे पडतात असं लोक समजतात, पण खरी अडचण लिहिण्याच्या वेगाची असते. तिकडे लॅपटॉपवर आणि पर्यायी उत्तरांवर सवय झालेली, इथे तीन तास हाताने लिहायचं. येण्याआधी सहा महिने रोज एक पान, पेनाने, घड्याळ लावून. आणि मराठी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे. बाहेरून आलेल्या मुलासाठी सवलत मिळते का हे शाळेकडून लेखी घ्या, पण सवलत मिळाली तरी मराठी सोडू देऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. जी मुलं इथे दोन वर्षांतच "परत जाऊ" म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना वर्गातला विनोद कळत नसतो. मैदानावर सगळे हसून राहिले आणि आपण नुसतं पाहून राहिलो, हे तेराव्या वर्षी फार लागतं. देवनागरी वाचन रोज वीस मिनिटं, बोलणं मात्र आजीशी.

नातवाला घाई नाही. पाचवी-सहावीपर्यंत आला तरी तो सहज रुळेल.

वायुसेनानगर_शिक्षिका

थोडा वेगळा मुद्दा मांडते. हे परदेशाचंच आहे असं मानू नका. नागपुरात अशी मुलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचं मुख्यालय इथे, कामठीत गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, शिवाय रेल्वे. दर दोन-तीन वर्षांनी बदली. ही मुलं मोठेपणी टिकतात का? बरीचशी टिकतात, कारण त्यांच्या बदलीत एक सातत्य असतं: शाळा बदलली तरी केंद्रीय विद्यालय तेच, पुस्तकं तीच, आणि कॅम्पातल्या सगळ्याच मुलांची बदली होत असते. "नवीन" असणं तिथे नवीन नसतं.

परदेशातल्या कुटुंबाला हे सातत्य स्वतः उभं करावं लागतं. मस्कतला सीबीएसई, सिंगापूरला आंतरराष्ट्रीय शाळा, अमेरिकेत सरकारी शाळा, अशा तीन पद्धती झाल्या की मूल दरवेळी पहिल्यापासून शिकतं. पुढे आणखी बदली संभवत असेल तर एक पद्धत निवडा आणि ती बारावीपर्यंत सोडू नका. शिवाय एक छंद असा हवा जो बॅगेत मावतो आणि सगळीकडे गुरू मिळतो: तबला, बुद्धिबळ, बॅडमिंटन. नव्या गावात पहिल्या आठवड्यात मुलाला कुठे न्यायचं याचं उत्तर त्यात असतं.

समुपदेशक ताईंच्या एका गोष्टीशी मी पूर्ण सहमत नाही. दर तीन वर्षांची अस्वस्थता हा दोष समजून पोरांना घाबरवू नये. त्या जोरावर चांगली कामं करणारी माणसं आहेत. फक्त त्यांना आधी सांगून ठेवावं की तिसऱ्या वर्षी असं वाटेल, तेव्हा राजीनामा लिहिण्याआधी सहा महिने थांब.

समुपदेशक_लक्ष्मीनगर

सहा महिने थांबण्याचा सल्ला उत्तम. मीही तोच देते. त्या सहा महिन्यांत जुन्या गावच्या एका मित्राला भेटून यावं, बरीच हुरहुर तेवढ्याने उतरते.

काळीमाती_अभियंता

आता मजल्याचं. काका, नातवंडांसाठी म्हणून बांधू नका. भाड्यासाठी बांधायचा असेल तर जरूर विचार करा.

विटांच्या भिंतींवरचं घर, कॉलम नाहीत. नागपूरच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. अशा भेगा आहेत का ते मे महिन्यात पाहा, पावसाळ्यात त्या मिटून दिसतात. घराच्या दोन कोपऱ्यांशी खड्डा खणून पायाचा तळ किती खोल आहे आणि तो मुरमावर टेकला आहे की मातीतच आहे हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. मातीतच असेल तर वरचा बोजा टाकू नका. स्लॅबच्या खालून पापुद्रे सुटत असतील तर सळई गंजली आहे, तिथे मजल्याचा विषयच संपतो.

पाया चांगला निघाला तरी आधी कागद. प्लॉटचं आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का, खालच्या घराचा नकाशा मंजूर आहे का, मग वरची परवानगी. जिना बाहेरून घ्या आणि महावितरणचं मीटर वेगळं घ्या, म्हणजे भाडेकरू ठेवता येतो आणि मुलं आली तर त्यांनाही स्वतंत्र राहता येतं.

त्रिमूर्तीनगर_आजोबा

सर्वांचे मनापासून आभार. मुलाला हे सगळं पाठवतो. नववीला आणायचं की नाही हे नातीला विचारूनच ठरवू. एक राहिलं: घर आत्ताच बक्षीसपत्राने नातवंडांच्या नावे केलं तर त्यांचा इथे पाय राहील, असं मनात आहे. काटोलकडे थोडी संत्र्याची बागही आहे.

सदर_कागदपत्रे

अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांच्या नावे करू नका, काका. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची तर पालकालाही न्यायालयाची परवानगी लागते. उद्या तुमच्या औषधपाण्याला पैसे लागले तर तुमचंच घर तुम्हाला वापरता येणार नाही. मृत्युपत्र करा. ते हयातीत कितीदाही बदलता येतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या.

नातवंडं पुढे दुसऱ्या देशाची नागरिक झाली तरी ओसीआय म्हणून घर आणि बाग दोन्ही वारशाने घेऊ शकतात. शेतजमीन विकत घ्यायला बंदी आहे, वारशाने मिळायला नाही. विकायची झाली तर बाग भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल. पैसे आधी एनआरओ खात्यात (परदेशस्थांच्या भारतातल्या रुपया खात्यात) जातील, आणि तिथून सीएच्या प्रमाणपत्रावर आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतील. सातबाऱ्यावर तुमचं नाव बरोबर आहे का, जुन्या वारसांची फेरफार नोंद झाली आहे का, हे नातवंडांची पुढची सुटी यायच्या आत तलाठ्याकडे पाहून घ्या. मुलांचं पासपोर्टवरचं आणि जन्मनोंदणीवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का तेही. वडिलांचं नाव मधे लिहायचं की नाही यावरून वारसनोंदी वर्षानुवर्षं अडकतात.